नायट्रेट शून्य, तरी पाण्याला वास: रंगावरून नायट्रोजन मोजायला शिकताना

एस.वाय.च्या दोघी जणी कुर्ल्याच्या पुलावरून मिठी नदीचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत आल्या. मत्स्यालयाच्या दुकानात मिळते ती नायट्रेट तपासायची पट्टी वाटेतच बुडवून झाली होती. "सर, नायट्रेट शून्य आलंय. म्हणजे नदी सुधारतेय ना?" एकीने विचारलं आणि दुसरीने झाकण उघडलं. पलीकडच्या टेबलावर टायट्रेशन करत असलेला मुलगा ब्युरेट तशीच सोडून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

पट्टी खोटं बोलत नव्हती. त्या पाण्यात नायट्रेट खरंच नव्हतं. नायट्रोजन मात्र भरपूर होता, फक्त दुसऱ्या रूपात, आणि त्या रूपाबद्दल पट्टीला कुणी विचारलंच नव्हतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं मी पोरांना हेच शिकवत आलोय, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतो. बारावीचं रसायनशास्त्र थोडंफार आठवतंय, पिपेट धरता येते, पण पाण्याचा नमुना पहिल्यांदाच तपासताय, अशांसाठी हे आहे.

ताजं की शिळं

संडासातून, गोठ्यातून, स्वयंपाकघराच्या मोरीतून वाहून येणारा नायट्रोजन सुरुवातीला युरियात आणि प्रथिनांत अडकलेला असतो. जिवाणू ते फोडतात आणि अमोनिया तयार होतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर जिवाणूंची दुसरी टोळी अमोनियाचं नायट्राइट करते, तिसरी नायट्राइटचं नायट्रेट. म्हणजे अमोनिया ही ताज्या मैल्याची खूण, नायट्रेट ही मुरलेल्या, जुन्या घाणीची. नायट्राइट हे मधलं स्टेशन. तिथे गाडी सहसा फार थांबत नाही. थांबलेली दिसली तर पुढचा सिग्नल कुठेतरी अडलाय असं समजा.

मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम अठरा किलोमीटर वाहते. तेवढ्या वाटेत साकीनाका, कुर्ला, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) असं करत तिच्यात इतकं मैलापाणी येतं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो. ऑक्सिजन नाही म्हटल्यावर साखळी अमोनियापाशीच अडते. शिवाय आधी असलेलं थोडंफार नायट्रेटही जिवाणू ऑक्सिजनच्या जागी वापरून टाकतात आणि त्याचा नायट्रोजन वायू हवेत निघून जातो. अशा पाण्यात नायट्रेट शून्य येणं हीच वाईट बातमी आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की तिन्ही मोजा. वेळच नसेल तर नाल्याच्या किंवा नदीच्या पाण्यात आधी अमोनिया, आणि सोसायटीच्या बोअरवेलच्या पाण्यात आधी नायट्रेट. शिकताना मात्र नायट्राइटपासून सुरुवात करा. ती चाचणी सगळ्यात सोपी आहे आणि दिसायलाही सगळ्यात देखणी.

रंगाचा हिशोब

तत्त्व दोन ओळींत सांगतो. मोजायचा पदार्थ स्वतः बिनरंगी असतो, म्हणून त्याची अशा रसायनाशी गाठ घालायची की रंग उमटेल. रंग जितका गडद तितका त्यातून कमी प्रकाश पार होतो, आणि ठरावीक मर्यादेपर्यंत हे शोषण, प्रयोगशाळेच्या भाषेत ॲबसॉर्बन्स, पदार्थाच्या प्रमाणाशी सरळ रेषेत वाढतं. हा बीअर-लॅम्बर्टचा नियम. यातला बीअर म्हणजे ऑगस्ट बीअर, १८५२ साली त्याने हे मांडलं. पिण्याच्या बीअरशी त्याचा काही संबंध नाही. गंमत अशी, की नायट्राइटची गुलाबी चाचणी ज्याच्या नावाने ओळखली जाते तो पीटर ग्रीस मात्र इंग्लंडमधल्या बर्टन गावी खरोखरच बीअरच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. त्याची नायट्राइट चाचणी १८७९ सालची. रसायनं थोडी बदलली, पण जगभर आजही तीच वापरतात.

उपकरणासाठी अडून बसू नका. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर उत्तम. नसेल तर ५४० आणि ६४० नॅनोमीटरच्या आसपासचे फिल्टर असलेला साधा कलरीमीटर शिकण्यापुरता पुरतो. पैसे खर्च करायचेच असतील तर ते काचसामानावर करा. प्रिन्सेस स्ट्रीटला दोन पिपेट सारख्याच दिसतील आणि भावात दुप्पट-तिपटीचा फरक असेल. स्टँडर्ड, म्हणजे प्रमाण आधीच ठाऊक असलेली द्रावणं, करायच्या पिपेट आणि व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क ए-क्लासचेच घ्या, बाकी साधे चालतील. रसायनं एआर (ॲनालिटिकल रीएजंट) ग्रेडची. गुलाबी रंगासाठी लागणाऱ्या नॅफ्थिल इथिलीन डायअमीनची छोटी बाटली घेताना पावडर पाहून घ्या; सगळे त्याला एनईडी म्हणतात, मीही यापुढे तसंच म्हणेन. पांढुरकी हवी. तपकिरी पडली असेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी परत द्या.

नमुना: निम्मी लढाई इथेच

गुलाबी रंग आणायला दहा मिनिटं लागतात. नमुना बिघडायला तेवढीही लागत नाहीत. बाटलीत बंद झालं म्हणून जिवाणू काम थांबवत नाहीत. कुर्ल्याहून निघालेलं पाणी आणि दोन तासांनी टेबलावर आलेलं पाणी ही दोन वेगळी पाणी असतात.

निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहा. मिठीच्या खालच्या टप्प्यात खाडीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं. भरतीला बीकेसीच्या बाजूला नमुना घेतलात तर निम्मा समुद्र मोजाल. मी ओहोटीच्या शेवटच्या तासात घेतो, आणि वहीत पहिली नोंद तीच करतो. पाऊसही लिहा. मे महिन्यातला नमुना, पहिल्या सरीने गटारं धुऊन काढल्यानंतरचा आणि जुलैच्या मध्यावरचा, हे तीन नमुने एकाच नदीचे वाटत नाहीत.

दोरी बांधलेली प्लास्टिकची बादली, पॉलिथिनच्या बाटल्या, हातमोजे. पावसाळ्यात गमबूट हवेतच आणि पायाला जखम असेल तर जाऊच नका, लेप्टोची, म्हणजे उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, भीती खरी असते. बादली पुलावरून सोडा, ते पाणी ओतून द्या, असं दोनदा केल्यावर तिसऱ्या वेळी भरा. तरंगणारा कचरा बाजूला होऊ द्या, पण तळ ढवळू नका. गाळात साठलेला अमोनिया वर आला तर आकडा गाळाचा होईल.

आता बर्फ. थर्माकोलचा डबा आणि मासळीबाजारातून घेतलेला बर्फ ही मुंबईतली सगळ्यात स्वस्त सोय, मीही तेच करतो. पण मासळीखालचा वापरलेला बर्फ घेऊ नका, नवा मागून घ्या, आणि बाटल्या आधी झिपच्या पिशवीत घाला. एकदा सैल झाकणातून वितळलेलं पाणी आत शिरलं होतं आणि आमच्या घरच्या नळाच्या पाण्यात भलताच अमोनिया निघाला. कोळणीच्या पाटीखालचं पाणी होतं ते. बोंबलाने आपली हजेरी लावली होती.

टिकवण्याचे नियम तिन्हींसाठी एक नाहीत. अमोनियाच्या बाटलीत गंधकाम्ल घालून पीएच २ च्या खाली आणतात, मग थंड जागी तो नमुना बरेच दिवस टिकतो. नायट्राइटच्या बाटलीत आम्ल कधीच घालायचं नाही, नायट्राइट टिकणारच नाही. ती गाळून, थंड ठेवून त्याच दिवशी तपासायची. फारच झालं तर ४८ तासांत. म्हणजे एका जागेसाठी किमान दोन बाटल्या, आणि बाटलीवरच मार्करने "आम्ल" किंवा "आम्ल नाही" असं लिहायचं. आम्लाची कुपी खिशात घालून लोकलमध्ये चढू नका, रेल्वेत असे पदार्थ नेता येत नाहीत. प्रयोगशाळा जवळ असेल तर आम्ल पोहोचल्यावर घाला. लांब असेल तर टॅक्सी ठरवा, कारण शीवच्या पुढे रिक्षा जात नाही आणि भर उन्हात थर्माकोलचा डबा घेऊन वाहन बदलण्यात अर्धा बर्फ संपतो.

नळाचं पाणी तपासणार असाल तर त्यात क्लोरीन असतो हे विसरू नका. अमोनियाच्या चाचणीत तो लुडबुड करतो, म्हणून भरतानाच चिमूटभर सोडियम थायोसल्फेट घालून त्याला मारतात.

नायट्राइट: गुलाबी

आधी रंग-रीएजंट करून ठेवा. ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १०० मिलिलिटर ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल हळूहळू ओता. पाण्यात आम्ल, उलटं नाही. त्यात १० ग्रॅम सल्फानिलामाइड पूर्ण विरघळवा, मग १ ग्रॅम एनईडी, आणि एकूण १ लिटर करा. तपकिरी बाटलीत, फ्रिजमध्ये साधारण महिनाभर चालतं. एवढं लागणार नसेल तर दहावा हिस्सा करा.

या बाटलीत घडतं ते असं: आम्लात नायट्राइट सल्फानिलामाइडला धरून डायझोनियम संयुग बनवतं, ते एनईडीला जोडलं जातं आणि गुलाबी-जांभळा अझो रंग तयार होतो. कापड रंगवणाऱ्या अनेक रंगांची हीच जात.

स्टँडर्डसाठी सोडियम नायट्राइट ०.४९२६ ग्रॅम तोलून १ लिटरमध्ये विरघळवा. हे झालं १०० मिलिग्रॅम प्रति लिटर, नायट्रोजन म्हणून. ("नायट्रोजन म्हणून" हे दोन शब्द सोडू नका, त्यांच्याकडे शेवटी येतोच.) सोडियम नायट्राइट हवेतलं पाणी ओढतं आणि मुंबईच्या जुलैत तर तोलता तोलताच वजन वाढताना दिसतं. डेसिकेटरमध्ये सुकवा, तोलायला वेळ लावू नका. मग या द्रावणातून १० मिलिलिटर घेऊन पुन्हा १ लिटर करा. ते १ पीपीएम, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति लिटर. हे पातळ द्रावण रोजचं रोज ताजं.

आता सहा फ्लास्क, प्रत्येकी ५० मिलिलिटरचे. त्यांत १ पीपीएम द्रावण अनुक्रमे ०, १, २.५, ४, ६ आणि ८ मिलिलिटर घाला आणि खुणेपर्यंत पाणी भरा. म्हणजे ०, ०.०२, ०.०५, ०.०८, ०.१२ आणि ०.१६ पीपीएम. प्रत्येकात २ मिलिलिटर रीएजंट, झाकण, दोनदा उलटसुलट. दहा मिनिटं थांबा. दोन तासांच्या आत ५४३ नॅनोमीटरला रीडिंग घ्या. पहिला फ्लास्क, म्हणजे ब्लँक, पाण्यासारखाच दिसला पाहिजे. शेवटचा चेरीच्या सरबतासारखा. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायच्या छोट्या पारदर्शक नळीत) दर पीपीएमला ॲबसॉर्बन्स साडेतीनच्या आसपास वाढतं, म्हणजे ०.१६ च्या फ्लास्कला सुमारे ०.५५. याच्या जवळपासही आकडा नसेल तर नमुन्याकडे वळूच नका, चूक स्टँडर्डमध्ये किंवा रीएजंटमध्ये आहे.

ग्राफ काढा, आणि ग्राफ डोळ्यांनी पाहा. बिंदू रेषेला किती धरून आहेत ते सांगणारा आर-स्क्वेअर एक्सेलने ०.९९ दिला म्हणून मुलं खूश होतात. शेवटचा बिंदू रेषेखाली वाकलेला असला तरी तो आकडा छानच येतो.

नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, आणि फ्रिजमधून काढलेला असेल तर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पावसाळ्यात हा एक मुद्दा हमखास फसवतो. थंडगार पाणी क्युव्हेटमध्ये ओतलं की बाहेरून दव जमतं आणि यंत्र ते दवही मोजतं. एका टर्मला आमचे जुलैचे सगळे आकडे मे महिन्यापेक्षा चढे आले होते; क्युव्हेट पुसून रीडिंग परत घेतल्यावर निम्म्यावर आले. क्युव्हेट वरच्या बाजूने धरा, टिश्यूने पुसा, उजेडाकडे धरून पाहा, मगच आत ठेवा.

नमुन्याचा रंग स्टँडर्डपेक्षा गडद आला तर तयार झालेलं गुलाबी पाणी पातळ करत बसू नका. मूळ नमुना पातळ करा आणि चाचणी पुन्हा करा. फारच नायट्राइट असेल तर गुलाबी न राहता विटकरी-पिवळट होतं, ते पाहूनही "कमी आहे" असं वाटू शकतं.

हिशोबाचं एक उदाहरण. समजा ५ मिलिलिटर नमुना ५० पर्यंत पातळ केला, म्हणजे दहापट. ब्लँक वजा केल्यावर ॲबसॉर्बन्स ०.२३८, आणि तुमच्या ग्राफचा उतार ३.४. भागाकार ०.०७ पीपीएम. दहाने गुणा, ०.७० पीपीएम, नायट्रोजन म्हणून.

आता या आकड्यावर विश्वास का ठेवायचा? मिठीचं पाणी गाळल्यावरही पिवळसर असतं, तो पिवळेपणा ५४३ ला थोडं शोषतो. म्हणून एक नमुना-ब्लँक करा: तेच पातळ केलेलं पाणी, पण रीएजंटमध्ये एनईडी नसलेलं. त्याचं रीडिंग वजा करा. आणि एक स्पाइक करा: त्याच ५ मिलिलिटर नमुन्यात २.५ मिलिलिटर १ पीपीएम स्टँडर्ड घालून ५० करा. ०.०७ मध्ये ०.०५ ची भर, म्हणजे ०.१२ यायला हवं. ०.११५ आलं तर ९० टक्के परत मिळालं, चालेल. ०.०८ आलं तर पाण्यातलं काहीतरी रंग खातंय. तांबं हा त्यातला नेहमीचा संशयित, आणि कारखान्यांच्या नाल्यात ते असू शकतं. स्पाइक न करता दिलेला नाल्याचा आकडा मी तरी वहीत घेत नाही.

ब्लँकच गुलाबी येतो तेव्हा

हे तुमच्याबाबतीतही होणार, म्हणून वेगळं सांगतो. मी पूर्वी जिथे काम करायचो तिथे तीन दिवस ब्लँक फिका गुलाबी येत होता. रीएजंट नवं केलं, काचसामान आम्लाने धुतलं, पोरांवर ओरडून झालं. चौथ्या दिवशी डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनचा नळ उघडून आत बोट फिरवलं तर बुळबुळीत, हिरवट थर. कॅन कित्येक महिने कुणी धुतलाच नव्हता, साहेबांना सांगितलं तर "डिस्टिल्ड वॉटरचा कॅन कशाला धुवायचा?" हे उत्तर मिळालं. त्या थरातले जिवाणू आमच्यासाठी गुपचूप नायट्राइट बनवत होते.

तेव्हापासून एक युक्ती वापरतो. ब्लँकचा संशय आला की मेडिकलमधून इंजेक्शनच्या पाण्याच्या कुप्या आणायच्या आणि त्या पाण्याचा ब्लँक आपल्या पाण्याच्या ब्लँकशेजारी ठेवायचा. कुपीचा बिनरंगी आणि आपला गुलाबी, तर पाण्यात खोट. दोन्ही गुलाबी, तर रीएजंटमध्ये किंवा काचेत. पाच मिनिटांत निकाल लागतो.

अमोनिया: निळा

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो याने १८५९ साली नोंदवलेली अभिक्रिया: अमोनिया, हायपोक्लोराइट आणि फिनॉल अल्कलीत एकत्र आले की गडद निळा इंडोफिनॉल बनतो. पूर्वी कॉलेजांत नेसलर रीएजंट वापरायचे, पिवळा-तपकिरी रंग देणारं. त्यात पारा असतो. कपाटात जुनी बाटली सापडली तर वापरू नका आणि ओतूही नका.

फिनॉलही साधं नाही, त्वचा भाजतं. शक्य असेल तर फिनॉलऐवजी सोडियम सॅलिसिलेटचं किट घ्या. रंग थोडा हिरवटपणाकडे झुकतो, रीडिंग ६५५ च्या आसपास घ्यावं लागतं, पण हात सलामत राहतात. फिनॉलनेच करायचं असेल तर फ्यूम हूडमध्ये, हातमोजे-चष्मा घालून: २५ मिलिलिटर नमुना, १ मिलिलिटर फिनॉलचं अल्कोहोलमधलं द्रावण, १ मिलिलिटर अर्धा टक्का सोडियम नायट्रोप्रुसाइड, आणि २.५ मिलिलिटर ऑक्सिडायझिंग द्रावण. हे शेवटचं म्हणजे चार भाग अल्कलाइन सायट्रेट (एका लिटरला २०० ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड) आणि एक भाग ५ टक्के हायपोक्लोराइट, त्याच दिवशी मिसळलेलं. झाकून, अंधारात एक तास. मग ६४० नॅनोमीटर.

स्टँडर्ड अमोनियम क्लोराइडचं: १०० अंशांवर सुकवून ३.८१९ ग्रॅम एका लिटरमध्ये, म्हणजे १००० पीपीएम, नायट्रोजन म्हणून. पातळ करत ०.१ ते ०.५ पर्यंतचे पाच बिंदू. आम्ल घालून ठेवलेला नमुना आधी सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करा, नाहीतर निळा उमटणारच नाही. आणि आम्लाच्या बाटलीत हायपोक्लोराइट चुकूनही पडू देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

मैलापाण्यात अमोनिया नायट्रोजन साधारण १५ ते ४० पीपीएम असतो आणि तुमचा ग्राफ अर्ध्या पीपीएमवर संपतो. म्हणून मिठीच्या नमुन्याचा १ मिलिलिटर १०० पर्यंत पातळ करूनच सुरुवात करा. पातळ न करता घातलात तर अमोनिया सगळं हायपोक्लोराइट खाऊन टाकतो आणि निळा उलट कमी दिसतो. त्या दोघी मुलींनी दुसऱ्या फेरीत नेमकं हेच केलं आणि "सर, अमोनियाही कमीच आहे" म्हणत आल्या. शंभरपट पातळ केल्यावर दौतीतल्या शाईसारखा निळा आला तेव्हा गप्प झाल्या.

हायपोक्लोराइट आपल्याकडच्या उकाड्यात कपाटातच मरतं. मागच्या महिन्यापेक्षा ग्राफचा उतार घटला की आधी तीच बाटली बदला.

अमोनियाचा ब्लँक हवेतूनही बिघडतो. काच पुसायचा निळा स्प्रे, कुणाची सिगारेट, कॉरिडॉरच्या टोकाचं मुतारीघर. आमच्याकडे सकाळी साडेदहाला तिकडची सफाई होते, म्हणून अमोनियाची चाचणी आम्ही दुपारी लावतो. नळ्यांची तोंडं बंद ठेवा, उघड्या ट्रेमध्ये ठेवून चहाला जाऊ नका.

माहीमच्या बाजूचा खारट नमुना असेल तर अल्कलीत मॅग्नेशियम गढूळ होऊन बसतं. सायट्रेट ते बरंचसं आवरतं, पण मिठामुळे रंगही कमी-जास्त होतो. इथे स्पाइक दोनदा करा.

पवई तलावाचं पाणी तपासाल तेव्हा जागेवरच पीएच आणि तापमान घ्या. शेवाळ भरपूर असलं की दुपारी पीएच चढतो, आणि माशांना मारतो तो मुक्त अमोनिया पीएचबरोबर वाढतो. ३० अंशांना पीएच ८ असताना एकूण अमोनियाचा साताठ टक्के भाग मुक्त असतो, पीएच ९ ला जवळपास पंचेचाळीस टक्के. तुमचं निळं पाणी दोन्ही वेळा सारखंच निळं दिसेल.

नायट्रेट: आडवळणाने

नायट्रेटला स्वतःची सोपी रंगचाचणी नाही. तांब्याचा मुलामा दिलेल्या कॅडमियमच्या नळीतून ते सोडतात, नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि पुढे तोच गुलाबी रंग. येणारा आकडा दोघांचा मिळून असतो, त्यातून आधी मोजलेलं नायट्राइट वजा करायचं. कॅडमियम विषारी आहे, एकट्याने करू नका. नळी दमली की नायट्रेट कमी दिसतं, म्हणून रोज एक नायट्रेट स्टँडर्ड आणि तेवढ्याच ताकदीचं नायट्राइट स्टँडर्ड दोन्ही चालवून पाहा. दोघांचा रंग सारखा यायला हवा. स्टँडर्डसाठी पोटॅशियम नायट्रेट ०.७२१८ ग्रॅम एका लिटरला, १०० पीपीएम, नायट्रोजन म्हणून.

नळाच्या किंवा बोअरवेलच्या नितळ पाण्यासाठी अतिनील प्रकाशात २२० नॅनोमीटरला थेट रीडिंग घेऊन २७५ च्या रीडिंगची दुप्पट वजा करण्याचीही पद्धत आहे. क्वार्ट्झची क्युव्हेट लागते, प्लास्टिकची चालत नाही. मैलापाण्यात मात्र सेंद्रिय पदार्थच तिथे इतके शोषतात की आकड्याला अर्थ राहत नाही.

हवेतला नायट्रोजन डायऑक्साइडही शेवटी याच गुलाबी रंगावर मोजतात. सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम आर्सेनाइटच्या द्रावणातून हवा ओढायची, नायट्राइट तयार होतं, ५४० ला रीडिंग. आर्सेनाइट म्हणजे आर्सेनिक, तेव्हा नवख्यांनी हे पाहावं, करू नये.

आकडा लिहिताना

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर, नायट्रेट म्हणून. अमेरिकेची १०, नायट्रोजन म्हणून. मुलं येऊन म्हणतात, अमेरिकेचा नियम साडेचारपट कडक आहे. नाही हो. नायट्रोजनला ४.४३ ने गुणलं की नायट्रेट मिळतं, दहाचे झाले ४४.३. दोन्ही नियम जवळपास एकच. नायट्राइटचा गुणक ३.२८, म्हणजे वरच्या उदाहरणातले ०.७० झाले २.३. अमोनियाचा १.२२. आकड्यापुढे "नायट्रोजन म्हणून" की "नायट्रेट म्हणून" हे नसेल, तर वाचणारा साडेचारपट चुकू शकतो.

वहीत प्रत्येक आकड्याशेजारी जागा, तारीख, वेळ, भरती की ओहोटी, पाऊस, किती पट पातळ केलं, ब्लँक किती आला आणि स्पाइक किती टक्के परत मिळाला, एवढं लिहा. शून्य आलं तर "शून्य" लिहू नका, "०.०२ पेक्षा कमी" असं, तुमच्या सगळ्यात पातळ स्टँडर्डचा आकडा घालून लिहा.

शेवटी टाकाऊ पाणी. कॅडमियमचं एका कॅनमध्ये, फिनॉलचं दुसऱ्या, पारा-आर्सेनिकवालं काही असेल तर तिसऱ्या, आणि प्रत्येकावर नाव, तारीख. घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच ते जातं. बेसिनमध्ये ओतलंत तर पुढच्या महिन्यात ओहोटीच्या वेळी बादली सोडून तेच वर काढाल.